गाठवाली तार

३ फेब्रुवारी

ताई,

पाकीट बघून घाबरू नकोस. मला काही झालेलं नाही आणि नोकरीही अजून आहे. फोनवर तू "सगळं ठीक" म्हणतेस आणि कुकर बंद करायला पळतेस. बाबा तर फोन हातात आला की "हं, हं, हिच्याशी बोल" म्हणून परत तुझ्याकडे देतात. अजून राग गेलेला दिसत नाही. पत्रात तुला निदान एक पान भरावं लागेल म्हणून हा उद्योग. शाळेत मी निबंधाला कसा होतो तुला माहीत आहे, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

सध्या दारांच्या कारखान्यात आहे. दिवसभर कुलपांची भोकं पाडतो. दार पुढे जातं, पुढचं येतं. कुणाच्या घराला लागतं, कोण ते रागानं आपटतं, आपल्याला काही पत्ता नाही. मागच्या आठवड्यात एका जुन्या सभागृहाची दारं बदलायला गेलो होतो. तिथल्या भंगारात दोन स्पीकर सापडले, आठ इंची, कागदी पडद्याचे, जुळ्या भावांसारखे. एकाचा पडदा कडेला फाटला होता. पातळ कागद आणि सरस लावून सांधला, बाबा रेडिओच्या दुकानात सांधायचे तसा. वाजतो.

घर सोडताना बाबा काय म्हणाले होते ते आठवतं ना? "एक वस्तू शेवटपर्यंत कर, मग दुकानाचं बोलू." तर मी त्यांच्यासाठी स्पीकरच्या दोन पेट्या करणार आहे. साध्या नाही, बसून ऐकायच्या. अँप्लिफायर त्यांचा जुना आहेच माळ्यावर. तू फक्त बाहेरच्या खोलीची मापं पाठव आणि बाबा कुठे बसतात ते लिही. खुर्ची कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून आहे.

त्यांना आत्ताच सांगू नकोस. अर्धवट राहिलं तर परत "एक ना धड भाराभर चिंध्या" ऐकावं लागेल.

तुझा,
भिंगरी


१६ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र पोचलं. चुका मोजायला घेतल्या होत्या, पण गणवेशांची शिलाई पडली आहे, वेळ नाही. सही मात्र बरोबर केलीस. पायाला भिंगरी बांधून जन्मलेल्या माणसानं एका जागी बसून ऐकायची वस्तू करायला घ्यावी, ही गंमतच.

मापं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. माझ्या शिवणाच्या टेपनं घेतली, तेव्हा इंचात आहेत. भिंतीला छाती-कंबर नसते एवढं लक्षात ठेवून वाच.

बाबांची खुर्ची खिडकीशी असते, तिरकी. मी केर काढताना सरळ करते, ते परत तिरकी करतात. म्हातारपणाचा हट्ट समज. तब्येत बरी आहे. थंडीत ताप येऊन गेला तेवढाच. दुकान तेव्हापासून बंद आहे. शटरला आता कोळ्यानं जाळ्याचं कुलूप घातलंय. शेजारचा औषधवाला गाळा मागतोय, त्याला माल ठेवायला जागा कमी पडते. बाबा म्हणाले, "मे संपेपर्यंत सांगतो." मी का विचारलं, तर म्हणाले, "चालवणार कोण?"

हे तुला सांगायचं की नाही याचा विचार करत होते. सांगितलं. आता पेट्या कर नाहीतर दारं आपट.

ताई


९ मार्च

ताई,

औषधवाल्याला म्हणावं, गोळ्या पलंगाखाली ठेव. मे संपायच्या आत दोन्ही पेट्या घरात असतील.

पहिली झाली. फोरमन तसा खडूस आहे, पण दारांचे उरलेले प्लायवूडचे तुकडे नेऊ दिले. म्हणाला, "पेटी कसली? शवपेटी नको करू, सुट्टी मागशील." बाजू जोडल्या, आतून सगळ्या फटी सरसानं बुजवल्या. पहिल्यांदा वाजवली तर आवाज डब्यातून बोलल्यासारखा. मग आठवलं, बाबा रिकाम्या पेटीवर बोट वाजवून म्हणायचे, "आत भिंती बडबडतात, त्यांची तोंडं बंद कर." उशी फाडली, आतला कापूस पिंजून भरला. आता मी घडी केलेल्या पँटवर झोपतो, पण भिंती गप्प झाल्या.

मागून दोन तारा बाहेर काढल्यात. एकाच रंगाची वायर मिळाली, त्यामुळे ओळखायचं कसं? इथल्या इलेक्ट्रिशियननं सांगितलं, प्लसच्या तारेला गाठ मार म्हणजे घोळ होत नाही. मारली. तू एकच लक्षात ठेव: गाठवाली तार अँपच्या लाल टर्मिनलला, बिनगाठीची काळ्याला. दुसरी पेटी येईल तेव्हाही असंच.

आणि खुर्ची सरळ कर, ताई. नीट समजून घे. दोन पेट्या समोर, डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि खुर्ची बरोबर मध्ये, थोडी मागे. तिथे बसलं की गाणाऱ्याचा आवाज डाव्या पेटीतूनही येत नाही आणि उजवीतूनही नाही. मधल्या रिकाम्या जागेत माणूस उभा राहून गातोय असं वाटतं. मी इथे एका दुकानात ऐकलंय, हात पुढे करून बघितला होता. दुकानदार हसला. ते मला बाबांना ऐकवायचंय. आयुष्यभर दुसऱ्यांचे रेडिओ दुरुस्त केले, स्वतः नीट बसून कधी ऐकलं नाही त्यांनी.

पेटी आमचा माल तिकडे नेणारा एक ट्रक ड्रायव्हर घेऊन येतोय, मिशीवाला. एका खेपेला एकच नेतो म्हणाला. चहा दे त्याला, माणूस चांगला आहे, फक्त फार बोलतो.

भिंगरी


२८ मार्च

भिंगरी,

मिशीवाला आला, पेटी पोचली, चहा दोनदा झाला. त्याच्या मेहुण्याचं लग्न का मोडलं ते आता मला सविस्तर माहीत आहे.

बाबांपासून लपवणं शक्यच नव्हतं. आधी पेटीभोवती एक चक्कर मारली. मग बोटाच्या पेरानं चारही बाजूंना ठोकून बघितलं, डॉक्टर छातीवर ठोकतो तसं. वास घेतला. "सरस कुठला वापरला?" म्हणाले. मी म्हटलं, मला काय माहीत, मी दोरा ओळखते. मग हळूच म्हणाले, "कोपरे बरे जुळवलेत."

बाबांच्या तोंडचं "बरे" म्हणजे काय हे तुला सांगायला नको.

वाजवायची का विचारलं, तर "जोडी येऊ दे" म्हणाले. खुर्चीचं मात्र तू फार मनावर घेऊ नकोस. कुठेही बसले तरी ऐकू येईलच की. माणसाला मधोमध बसायचाच आग्रह कशाला?

ताई


१५ एप्रिल

ताई,

मधोमध बसायचा आग्रह कशाला म्हणजे काय? उद्या मी म्हणेन, शर्टाला दोन बाह्या कशाला.

दुसरी पेटी पाठवतोय. ही पहिलीपेक्षा चांगली झाली आहे, कारण "बरे" वाचल्यावर केली. कोपरे बघितले की कळेल. शेवटी वायर जोडताना तर डोकं लावावंच लागलं नाही. सोल्डरचा धूर नाकात गेला आणि एकदम दुकानातल्या त्या उंच स्टुलावर बसल्यासारखं झालं. बाबा बाजूला, आणि मी लहानपणी करायचो तसं त्यांनी न सांगता तार सोलून, जोडून, गाठ मारून मोकळा. हात आपले आपण चालले. इतकी वर्षं इकडेतिकडे भटकलो, पण हात तिथेच बसून राहिले असणार.

जोडणी मागच्यासारखीच. गाठवाली लालला.

आणि वाजवल्यावर बाबा जे बोलतील ते जसंच्या तसं लिही. तुझी कात्री चालवू नकोस. एकही शब्द इकडचा तिकडे नको. कारखान्यात मी नोटीस द्यायची की नाही हे त्यावर ठरणार आहे.

भिंगरी


४ मे

भिंगरी,

हे पत्र दोनदा फाडलं. जसंच्या तसं लिही म्हणालास म्हणून लिहिते.

रविवारी सकाळी सगळं लावलं. तारा तू सांगितल्याप्रमाणे: गाठवाल्या दोन्ही लालला. खुर्ची मध्ये ठेवली. औषधवालाही आला होता. गाणं लावल्यावर तो खोलीभर हिंडला आणि म्हणाला, "कमाल आहे, आवाज कुठून येतो कळतच नाही, सगळीकडून येतो." मलाही छान वाटलं. खरंच सगळीकडून येत होता.

बाबा मधल्या खुर्चीत बसले. थोडा वेळ डोळे मिटून होते. मग उठले, खुर्ची फिरवली आणि बाजूच्या भिंतीकडे तोंड करून बसले. गाणं संपेपर्यंत तसेच. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "पोकळ आहे." एवढंच. आणि उठून आतल्या खोलीत गेले.

औषधवाला जाताना म्हणाला, "त्यांचं मन रमत नाही आता, गाळ्याचं लवकर ठरवा म्हणावं."

तू लगेच काही ठरवू नकोस. पेट्या सुंदर झाल्या आहेत. मी त्यांच्यावर अजून कपड्यांचा ढीग ठेवलेला नाही, यावरून काय ते समज.

ताई


१२ मे

ताई,

समजलं. भिंतीकडे तोंड. निदान खरं लिहिलंस.

कोपरे बरे, आतून पोकळ. माझ्याबद्दलही त्यांचं हेच मत आहे, पेटीचं निमित्त झालं. उशी फाडून कापूस भरला होता मी त्यात. पोकळ म्हणे.

गाळा औषधवाल्याला द्या. पेट्यांवर कपडे ठेव, नाहीतर कुंड्या ठेव. मी इथून निघतोय. एका जहाजाच्या गोदीत रंगकाम आहे म्हणतात, मिशीवाल्याची ओळख आहे. पत्ता अजून माहीत नाही.

भिंगरी


२० जून

भिंगरी,

हे पत्र मिशीवाल्याच्या हाती देतेय. तू जिथे असशील तिथे शोधून द्यायचं आणि तू वाचेपर्यंत समोरून हलायचं नाही, असं त्याला बजावलंय. मधे बोलू नको असंही सांगितलंय, पण ते त्याला जमणार नाही.

मी बाबांना शब्द दिला होता. आज मोडते.

थंडीतल्या त्या तापात बाबांचा डावा कान गेला. पूर्ण. डॉक्टर म्हणाले परत येणार नाही. तुला कळू द्यायचं नाही म्हणाले: "तो सगळं टाकून येईल आणि मग माझ्या नावानं इथे अडकून बसेल." ते फोनवर बोलत नाहीत ते रागानं नाही. आयुष्यभर फोन डाव्या कानाला लावायची सवय, उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर. अजून तोच हात वर जातो, काही ऐकू येत नाही, आणि मग लाज वाटून माझ्याकडे देतात. खुर्ची तिरकी असते ती उजवा कान दाराकडे यावा म्हणून. मी हाक मारली तर आवाज कुठून आला ते त्यांना कळत नाही. घरभर शोधतात. मी शिवणयंत्रावर बसलेली असते आणि ते मला मोरीत बघून येतात.

दुकान त्यामुळे बंद केलं. एक बाई रेडिओ घेऊन आल्या होत्या, त्यात बारीक खरखर होती. बाबांनी तो ह्या बाजूनं, त्या बाजूनं लावून बघितला आणि तसाच परत दिला. "दुसरीकडे दाखवा" म्हणाले. मी तिथे होते. त्या दिवशी त्यांनी स्वतः शटर ओढलं. "चालवणार कोण" हे त्यांनी तुझ्यावरून म्हटलं नव्हतं रे. स्वतःवरून म्हटलं होतं.

आता तूच बघ. त्यांना मधोमध बसव म्हणून तू पत्रामागून पत्र लिहीत होतास आणि मी काय उत्तर देणार होते? त्या रविवारी भिंतीकडे तोंड केलं ते चांगला कान पेट्यांकडे करायला. मला तेव्हाही माहीत होतं. लिहिलं नाही. तू दुखावलास तो माझ्या गप्प बसण्यानं, त्यांच्या बोलण्यानं नाही.

आणखी एक. ते उठून आत गेले ते मी रुसवा समजले होते. मी औषधवाल्याला दारापर्यंत सोडून आले तर बाबा टॉर्चमधला सेल काढून आणून पेट्यांमागे जमिनीवर बसलेले. तारांना सेल लावून बघत होते. परत लावत होते, परत बघत होते. मग गाठींवरून बोट फिरवत कितीतरी वेळ बसले. काय सापडलं विचारलं तर म्हणाले, "त्याला मी लिहीन." अजून लिहिलेलं नाही. कागद समोर घेऊन बसतात आणि मग चष्मा पुसतात.

औषधवाल्याला अजून हो म्हटलेलं नाही. मे संपून किती दिवस झाले, तो रोज खोकून आठवण देतो.

ताई


२ जुलै

बाबा,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे सुरुवात कशी करतात ठाऊक नाही. गोदीतून लिहितोय. मिशीवाल्यानं शोधून काढलं. मी वाचत असताना तो पहिल्यांदाच गप्प बसला.

ताईनं सांगितलंय. तिच्यावर रागावू नका.

मी पेट्या एका मधल्या खुर्चीसाठी केल्या. त्या खुर्चीत कोण बसणार आहे आणि कसं बसणार आहे, हे तुम्हाला विचारलंच नाही. ताईला मापं विचारली, भिंतींची. आता वाटतं, एकच पेटी ठेवावी, दोन्हीकडचा आवाज एकत्र करून त्यातच सोडावा आणि ती तुमच्या उजव्या अंगाला ठेवावी. मधल्या रिकाम्या जागेत माणूस उभा राहणार नाही, पण गाणं सगळं ऐकू येईल. तसं करता येतं, मी इथल्या एकाला विचारून घेतलंय.

पण आधी एक विचारायचंय. मेमध्येच विचारायला हवं होतं, तर मी गोदीत पळालो. पोकळ म्हणजे काय? नेमकं काय कमी होतं? बाकी सगळ्यांना छान वाटलं होतं. तुम्हाला एका कानानं जे कळलं ते मला कळून घ्यायचंय.

तुमचा,
भिंगरी


१५ जुलै

चि. भिंगरी,

तुझ्या ताईवर रागावलो नाही. तीच रागावली आहे, कारण मी उत्तर लिहायला उशीर केला. अक्षर गिचमिड आहे, सावकाश वाच.

विचारलंस म्हणून सांगतो. दोन्ही पेट्या सुट्या वाजवल्या तर उत्तम आहेत. भरीव आहेत. पहिलीपेक्षा दुसरी सरस. एकत्र वाजवल्या की खालचा आवाज नाहीसा होतो, जाड सूर जमिनीत जिरून जातो. उरलेला आवाज खोलीभर पसरतो, म्हणून लोकांना छान वाटतं. त्याला पोकळ म्हणतात. ते कळायला एक कान पुरतो.

दोन्हींच्या गाठवाल्या तारेला सेलचं प्लस लावून पाहिलं. पहिलीचा पडदा बाहेर आला, दुसरीचा आत गेला. म्हणजे एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते. दोघींची ताकद एकमेकींना मारण्यात जाते.

कारण असं. पहिलीला तू तिथल्या इलेक्ट्रिशियनची गाठ मारलीस, प्लसला; ते तुझ्या ताईनं तुझ्या पत्रातून वाचून दाखवलं. दुसरीला माझ्या दुकानातली मारलीस. माझ्याकडे गाठ कायम मायनसच्या तारेला असते, माझ्या वस्तादांनी तशी शिकवली. तुला स्टुलावर बसवून मीच शिकवली होती. तू विसरला असशील असं मला वाटत होतं.

त्या रविवारी मला फक्त दोष सांगता आला. गाठ पाहिल्यावर जे वाटलं ते चारचौघांत सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून बोललो नाही. तू त्याचा भलता अर्थ घेतलास. तो तसाच घेतला जाणार, इतकी वर्षं मी दोषच सांगत आलो.

एकाच पेटीची कल्पना योग्य आहे. मी तसं करून घेतलं आहे. दुसरी पेटी उजव्या बाजूला ठेवली आहे आणि रोज ऐकतो. पहिली कोपऱ्यात आहे. तिच्यावर कपडे ठेवू दिलेले नाहीत. जोडी मोडायची नाही, तुझ्या ताईला दोन्ही कान आहेत आणि तिनंही कधी बसून ऐकलेलं नाही.

औषधवाल्याला नाही म्हणून सांगितलं. त्याचं खोकणं थांबलं. शटरला तेल दिलं आहे. रेडिओतली खरखर मला आता शोधता येत नाही, पण कुठे शोधायची ते सांगता येतं. ऐकणारा कुणी हवा.

त्या दोन तारा मी सुलट्या केलेल्या नाहीत. मला दोन मिनिटांचं काम होतं. पण दुकानात गाठ एकच असावी लागते, नाहीतर प्रत्येक वस्तू उलटी जाते, आणि यापुढे सोल्डरिंग तू करणार आहेस. तेव्हा कोणती ठेवायची ते येऊन तूच ठरव.

आल्यावर उजव्या बाजूला बस.

बाबा